बडोद्याच्या पुरातली एक गाडी: इंजिन पाण्याने गेलं की धक्क्याने?

गाडी २०१६ ची, डिझेल हॅचबॅक, इंजिन १२४८ सीसी. मूळ फियाटचं ते १.३ मल्टिजेट, जे एके काळी मारुतीपासून टाटापर्यंत अनेकांच्या गाड्यांत असायचं आणि ज्याचे सुटे भाग मिळायला आजही अडचण नाही. मालक एकच: बँकेतून निवृत्त झालेले काका, बडोद्याच्या अकोटा भागातल्या जुन्या सोसायटीत राहणारे. ऑइल वेळेवर, फिल्टर वेळेवर, सर्व्हिसच्या पावत्या तारीखवार लावलेल्या. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात ही गाडी टोइंग व्हॅनवरून आमच्या गॅरेजात उतरली तेव्हा इंजिन जाम होतं. क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, पुलीला पाना लावून दोघांनी जोर केला, तरी ते एका जागी जाऊन अडायचं, मागे फिरवलं की सुटायचं आणि परत तिथेच अडायचं.

पुराची हकिगत बडोदेकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी थोडक्यात. २६ ऑगस्टला जन्माष्टमी होती. पावसाने त्या दिवशी शहराला धरलं ते सोडलंच नाही. वरून आजवा तलावाचं पाणी सोडावं लागलं आणि विश्वामित्री नदी २५ फुटांची धोक्याची खूण मागे टाकून ३५ फुटांच्या वर गेली. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला होता, तो अनुभव लोकांच्या गाठीशी होता. पण यावेळी पाणी उतरायचं नावच घेईना. सोसायट्यांच्या आवारात मगरी निघाल्या त्याची चित्रं देशभर फिरली. आम्हाला त्याचं फारसं नवल नाही, नदीतच त्यांचं बिऱ्हाड आहे.

काकांची गाडी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये बंद उभी होती. पाणी चढलं, दोन रात्री राहिलं आणि उतरलं. दारांवर आणि बंपरवर चिखलाची रेघ राहिली, ती बरोबर हेडलाइटच्या मध्यावर. गोष्ट इथपर्यंतच असती तर हे प्रकरण लिहिण्यासारखं नव्हतं.

पाणी उतरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीत सफाई सुरू झाली. टोइंगवाले फोन उचलत नव्हते, उचलला तर मागतील तो भाव. शेजारचे भाई मदतीला धावले आणि त्यांनी आपल्या गाडीची बॅटरी वायरने जोडून दिली. काकांनी चावी फिरवली. सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, ‘टक्’ करून थांबला. पुन्हा चावी, पुन्हा टक्. मग भाई म्हणाले, “काका, धक्को मारो ने, चालू थई जशे.” पार्किंगचा उतार होता, चार पोरं होती. दुसरा गिअर, क्लच दाबलेला, गाडी वेगात आली आणि काकांनी क्लच सोडला. गाडीला हिसका बसला, पांढरा धूर निघाला, इंजिन सुरू झालं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अर्धा मिनिट ते खडखडत, थरथरत चाललं आणि खाड्कन थांबलं. या सगळ्याचा व्हिडिओ सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला होता. पुढे त्याला महत्त्व आलं.

आम्ही पुराची गाडी घेताना पहिला प्रश्न एकच विचारतो: चावी फिरवली होती का? बहुतेक जण “नाही” म्हणतात आणि पंधरा मिनिटांनी “एकदाच” म्हणतात. काकांनी सगळं सांगून टाकलं, व्हिडिओसकट. त्यांचा स्वभाव तसा, आणि त्याचा फायदाच झाला.

आता आत काय घडलं ते पाहू. इंजिनच्या एका सिलिंडरची जागा इथे ३१२ सीसी. पिस्टन अगदी वर गेला की त्याच्या डोक्यावर उरते ती पोकळी या इंजिनात २० मिलीच्या आतली, म्हणजे चहाचे चार चमचे. हवा तेवढ्यात दाबून बसते, पाणी बसत नाही. चार चमच्यांपेक्षा जास्त पाणी असलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो आणि भिंतीला टेकल्यासारखा थांबतो. गॅरेजच्या भाषेत इंजिन ‘लॉक’ झालं. काकांना ऐकू आलेली ती ‘टक्’ हीच.

इथपर्यंत सहसा काही मोडत नाही. थांबलेल्या इंजिनला सेल्फ फिरवू पाहतो, जमलं नाही की दमतो. पण दुसऱ्या गिअरमध्ये टाकून उतारावर सोडलेली टनभर वजनाची गाडी दमत नाही. चाकांची सगळी ओढ गिअरबॉक्समधून क्रँकवर येते, क्रँक पिस्टनला वर ढकलतो, वर पाणी आहे. कोणीतरी वाकायचं. पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यात बाकीच्या सिलिंडरांत डिझेल पेटलं तर त्यांचा जोरही त्याच रॉडवर येतो. सेल्फची ‘टक्’ ऐकू आली तिथे हात थांबले असते तर रॉड सरळ राहिला असता असं माझं ठाम मत आहे, आणि ते कशावरून ते पुढे येतंच.

पाणी आत जायला गाडी चालू असावी लागते हा एक गैरसमज. उभ्या गाडीतही एअर फिल्टरच्या डब्यातून, टर्बोकडून येणाऱ्या जाड होजमधून आणि मागून सायलेन्सरमधून पाणी चढतं. ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह त्या वेळी उघडा असेल त्यात ते उतरतं. उरलेलं पाइपांत साचून राहतं आणि चावी फिरवली की इंजिन ते आपणहून ओढून घेतं.

विमा कंपनीला कळवलेलं होतं, त्यामुळे सर्व्हेअर, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासणारा माणूस, येईपर्यंत इंजिन खोलायचं नाही हे ठरलं. त्या दिवसांत सर्व्हेअर मिळणं म्हणजे नवरात्रात दर्जी मिळण्यासारखं. तोपर्यंत दोन कामं केली. बॅटरीची टर्मिनल सोडली, आणि कंपनीला मेल टाकून, संमती घेऊन चारही हीटर प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू व्हावं म्हणून सिलिंडर तापवणारे) काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडलं. हीटर प्लग या इंजिनात चिकटून बसतात, जोर केला की हेडमध्येच, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातच, तुटतात, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवावं लागतं. तिसऱ्या भोकातून गढूळ पाणी बाहेर आलं. त्याचा फोटो, एअर फिल्टरच्या कागदावर उमटलेल्या चिखलाच्या रेघेचा फोटो, डिपस्टिकचा फोटो, सगळे तारखेसकट.

सर्व्हेअरसमोर आधी ऑइल चेंबरचा बोल्ट सोडला. खाली आलं ते दुधाच्या चहासारखं, फेसाळ. याचा अर्थ पाणी आणि तेल घुसळलं गेलं होतं, म्हणजे पाणी शिरल्यावर इंजिन फिरलं होतं. चेंबर उतरवल्यावर तळाशी पिस्टनच्या घेराचा, म्हणजे खालच्या भागाचा, अंगठ्याएवढा तुकडा सापडला. हेड काढलं. क्रँक फिरवत एकेक पिस्टन वर आणला आणि उंची मोजायला डायल गेज लावला. तीन पिस्टन ब्लॉकच्या कडेशी आले, तिसऱ्या नंबरचा जवळजवळ चार मिलिमीटर खालीच थांबला. रॉड वाकून आखूड झाला होता. आखूड झालेल्या रॉडचा पिस्टन खालच्या टोकालाही जास्त खाली उतरतो, तिथे त्याचा घेर क्रँकवरच्या तोलाच्या वजनावर आपटला होता आणि फुटला होता. इंजिन ज्या जागी अडत होतं ती जागा हीच. लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, खालच्या बाजूला नख अडकेल असे ओरखडे.

सर्व्हेअरची पहिली शंका वेगळी होती. “रॉड आधीपासूनच वाकलेला असू शकतो,” ते म्हणाले. शंका रास्त होती, असे दावे येतात. उत्तर लायनरमध्येच होतं. सिलिंडरच्या अगदी वर, जिथे पिस्टनभोवतीची रिंग पोहोचत नाही, तिथे काजळीचं बारीक कडं असतं. रॉड वाकून गाडी काही हजार किलोमीटर चालली असती तर पिस्टन पोहोचत नाही त्या चार मिलिमीटरच्या पट्ट्यातही काजळी धरली असती. इथे कडं जुन्या जागी, जुन्या रुंदीचं, आणि त्याखालचा पट्टा चकचकीत. रॉड ताजा वाकला होता, आणि वाकल्यावर इंजिन फार फिरलं नव्हतं. सर्व्हेअरनी टॉर्च मारून ते पाहिलं, फोटो घेतला आणि तो मुद्दा सोडला.

त्याच सोसायटीतली, काकांच्या शेजारीच उभी असलेली एक पेट्रोल गाडी आमच्याकडेच आली. तिचीही चिखलाची रेघ हेडलाइटवरच. मालकीणबाई माहेरी साताऱ्याला गेलेल्या, गाडीला कोणी हात लावला नव्हता. तिच्या चेंबरमधून आधी गढूळ पाणी आलं, ते संपल्यावर काळं तेल, दोन्ही वेगळं. पाणी जड, खाली बसलेलं, कोणी घुसळलंच नव्हतं. तिचे चार स्पार्क प्लग काढले, क्रँकला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे दिले, दोन भोकांतून पिचकारी उडाली. मग सेल्फ मारला, आणखी तुषार आले. नवीन ऑइल, नवीन फिल्टर, पेट्रोलची टाकी साफ, थ्रॉटल साफ. सुरू झाली. तासभर चालवून ऑइल पुन्हा बदललं.

पण थांबणंही फुकट नसतं. त्या गाडीच्या एका सिलिंडरमध्ये बारीक कॅमेरा सोडला तेव्हा भिंतीवर गंजाचा पिवळसर थर धरायला लागला होता. आणखी दोन आठवडे गेले असते तर रिंगा चिकटल्या असत्या आणि इंजिन खोलावंच लागलं असतं. थांबायचं ते चावीपुरतं. पाणी काढण्याच्या कामाला उशीर चालत नाही.

आता विम्याकडे. प्रकरण खरं तिथेच अडकलं.

काकांची पॉलिसी पॅकेज होती, म्हणजे थर्ड पार्टीबरोबर स्वतःच्या गाडीचं नुकसानही त्यात. पूर हे कारण त्यात उघड लिहिलेलं असतं. पण परिणामी होणारं नुकसान वगळलेलं असतं, आणि पाण्याने लॉक झालेलं इंजिन कंपन्या त्या सदरात टाकतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाची वेगळी जोडणी घ्यावी लागते. गाडी पाच-सात वर्षांच्या पलीकडे गेली की ती बऱ्याच ठिकाणी देतच नाहीत, आणि काकांकडे नव्हती. शिवाय पॉलिसीत एक अट असते जी फारसं कोणी वाचत नाही: अपघात किंवा बिघाडानंतर आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालवली, तर त्यामुळे वाढलेलं नुकसान मालकाच्या जबाबदारीवर. व्हिडिओत पोरं टाळ्या वाजवत होती तो क्षण म्हणजे नेमकी ही अट.

काकांचा मुलगा पुण्याला असतो. त्याचा फोन आला, “दादा, गाडी चालू असताना पाणी शिरलं असं लिहू या का? बाबा दवाखान्यात निघाले होते असं म्हणता येईल.” त्याला सांगितलं की हे खोटं तर आहेच, पण फायद्याचंही नाही. साचलेल्या पाण्यात गाडी घालणं आणि इंजिन लॉक होणं हे तर नाकारायचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण. उभ्या गाडीत पूर शिरला ही आपली सगळ्यांत भक्कम बाजू, ती आपल्याच हाताने का सोडायची? आणि व्हिडिओ साठ जणांच्या फोनमध्ये होता.

आकडे असे. गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, २ लाख ६० हजार. गाडीच्या कंपनीचं नवीन इंजिन धरून काढलेलं एस्टिमेट २ लाख १५ हजार: त्यात इंजिनचे १ लाख ३७ हजार, बाकी वायरिंग, सीट, कार्पेट, सेल्फ, अल्टरनेटर, टर्बो, इंजेक्टर, ब्रेक यांचे ७८ हजार. दुरुस्ती आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेली की गाडी टोटल लॉस धरतात. इथे ७५ टक्के म्हणजे १ लाख ९५ हजार. एस्टिमेट त्याच्या वर होतं, म्हणून शेजाऱ्यांनी काकांना सांगून ठेवलं होतं की आता अडीच लाख मिळणारच. मोजणीतली मेख अशी की हा खर्च पॉलिसीच्या अटींच्या अधीन राहून धरायचा असतो. इंजिन वगळलं की आकडा ७८ हजारांवर येतो आणि टोटल लॉसचा विषयच संपतो.

सर्व्हेअरच्या पहिल्या हिशेबात मात्र इंजिनबरोबर सेल्फ, टर्बो, इंजेक्टरची तपासणी आणि डिझेल टाकीची सफाई हेही कापलं होतं, शेरा एकच: ‘इंजिनसंबंधी’. हे मला पटलं नाही. रॉड धक्क्याने वाकला हे आम्ही स्वतःच दाखवून दिलं होतं. पण सेल्फच्या आतला चिखल, टर्बोच्या घरातलं पाणी, टाकीच्या तळाशी बसलेलं पाणी हे धक्क्याने आलेलं नाही. ते पुराचं थेट नुकसान, गाडी ढकलली नसती तरी झालंच असतं. आणि पुरावा शेजारीच उभा होता: न ढकललेल्या पेट्रोल गाडीच्या सेल्फमध्ये आणि टाकीत तेच पाणी निघालं होतं, फक्त तिचे रॉड सरळ होते. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला काकांनी दीड पानी पत्र लिहिलं, भागांची यादी दोन रकान्यांत केली, एकात पुराने बिघडलेले आणि दुसऱ्यात धक्क्याने मोडलेले, सोबत दोन्ही गाड्यांचे फोटो. रागाचा शब्द नाही. महिन्याच्या आत कापलेले चारही भाग मान्य झाले.

नसते झाले तर पुढची पायरी विमा लोकपालाची होती. गुजरातसाठी त्यांचं कार्यालय अहमदाबादला आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर लोकपालाकडे, तेही नकारापासून वर्षाच्या आत. फी नाही, वकील लागत नाही. मुलाला वाकलेल्या रॉडसाठीही तिथे जायचं होतं. मी त्याला प्रोत्साहन दिलं नाही. चावीने रॉड वाकला असता तर वाद घालण्याजोगा होता, कारण गाडी बंद का हे पाहायला चावी फिरवणं हे साहजिक आहे. उतारावरून ढकलणं वेगळं.

मंजूर ७८ हजारांतून घसारा गेला. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला धातूच्या आणि इतर भागांवर ४० टक्के, रबर, प्लास्टिक आणि बॅटरीवर ५० टक्के. ३८ हजारांच्या भागांचे २२,८०० राहिले, १८ हजारांच्या प्लास्टिक-बॅटरीचे ९ हजार, मजुरी २२ हजार पूर्ण. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीची सक्तीची वजावट १ हजार. हातात ५२,८०० आले.

नवीन इंजिन काकांना परवडणारं नव्हतं आणि गाडीच्या वयाला शोभणारंही नव्हतं. भंगारातलं जुनं इंजिन ५० हजारांत मिळत होतं. त्याला मी नाही म्हटलं. पुरानंतरच्या त्या महिन्यांत बाजारात आलेलं स्वस्त इंजिन कुठल्या पुरातलं हे कोण सांगणार? शिवाय इंजिन नंबर बदलला की जीजे-०६ च्या आरसी बुकात बदल करून घ्या, कागद जमवा, विमा कंपनीला कळवा. ब्लॉक बिडाचा होता आणि फुटला नव्हता. लेथवाल्याकडे तिसऱ्या सिलिंडरला स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, घातली, क्रँक तपासून पॉलिश केला, एक रॉड, एक पिस्टन, रिंगांचा सेट, सगळे बेअरिंग नवे, हेडची गळती तपासून व्हॉल्व्ह बसवले. इंजिन बांधून झालं ७१ हजारांत, नंबर तोच राहिला.

हिशेब मांडला तर काकांच्या खिशातून गेले ९६,२०० रुपये: विम्याने न दिलेले २५,२०० आणि इंजिनचे ७१ हजार. ढकललं नसतं तर इंजिनमधलं पाणी काढून दोनदा ऑइल-फिल्टर बदलायला फार तर १४ हजार लागले असते, म्हणजे एकूण ३९ हजार. धक्का ५७ हजारांना पडला. शेजारचे भाई निम्मे द्यायला तयार होते, मनापासून. काकांनी घेतले नाहीत. “पुराच्या पाण्यात त्याने आम्हाला दोन दिवस वरच्या मजल्यावर जेवायला घातलं, त्याचं बिल कोण करणार?” एवढं बोलून त्यांनी विषय बंद केला.

गाडी दिवाळीनंतर रस्त्यावर आली. हजार किलोमीटरला तपासली, चारही सिलिंडरचं कंप्रेशन जवळपास सारखं. जानेवारीत अल्टरनेटरमधून किरकिर सुरू झाली. उघडला तर बेअरिंगमध्ये विश्वामित्रीची ती मऊ पिवळी माती, आम्ही धुवून सुकवल्यावरही आत राहिलेली. फाइल तोवर बंद झाली होती, काकांनी पूर्ण आणि अंतिम भरपाईच्या कागदावर सही दिली होती. बेअरिंग बदलायची मजुरी आम्ही घेतली नाही, सामानाचे पैसे काकांनी दिले.